सतरंज्या उचलल्यावर वाचनालयात काय उरते?

नागपुरातल्या कुठल्याही बऱ्यापैकी वाचनालयाचा वार्षिक अहवाल उघडा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. मध्ये एखादी व्याख्यानमाला, कविसंमेलन, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार. प्रतिमेला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, दुसऱ्या दिवशी पेपरात तीन ओळींची बातमी. हे सगळे व्हायलाच हवे. अनेक माणसे वाचनालयाची पायरी पहिल्यांदा चढतात ती याच निमित्ताने. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सतरंज्या गुंडाळल्या जातात आणि दाखल नोंदवहीत, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू क्रमांकासह लिहिली जाते त्या वहीत, त्या दिवशी एकही नवी नोंद झालेली नसते. महाल भागातल्या जुन्या वाड्यांवर तासभर बोलून ज्याने सभागृह जिंकले, त्या वक्त्याचे बोलणे कुठे उतरवून घेतलेले नसते. मागच्या रांगेतून उठून ज्या आजोबांनी त्याची चूक दुरुस्त केली, त्यांचे नावही कुणी लिहून घेत नाही.

वाचनालयाने घेतलेल्या प्रत्येक कार्यक्रमातून संग्रहात काहीतरी दाखल झाले पाहिजे, आणि ते या गावाबद्दलचे असले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके कुठेही मिळतात, घरपोच मिळतात. पाचपावलीतल्या एखाद्या शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, इतवारीतल्या व्यापारी मंडळाचा जुना अहवाल, एखाद्या भजनी मंडळाची छापील पदे ही त्या वस्तीतल्या वाचनालयाने ठेवली नाहीत तर जगात कुठेही मिळणार नाहीत. जे फक्त आपल्याचकडे असू शकते, त्यावर वाचनालयाच्या श्रमांचा आणि पैशांचा पहिला हक्क आहे.

नागपूरबद्दलचे मोठे ग्रंथ आता बऱ्यापैकी सुरक्षित आहेत. रसेलने संपादित केलेले १९०८ चे जिल्हा गॅझेटियर, यादव माधव काळे यांचा १९३४ चा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’, महाराष्ट्र शासनाचे १९६६ चे गॅझेटियर यांच्या प्रती आहेत. वस्तूंसाठी १८६३ पासूनचे संग्रहालय, अजब बंगला, आहे. सरकारी दप्तरासाठी राज्य पुराभिलेखांचे कार्यालय शहरात आहे. ताम्रपट-शिलालेखांवर विदर्भ संशोधन मंडळाने आणि इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी पिढ्यांना पुरेल असे काम करून ठेवले आहे. या सगळ्यांच्या मधून निसटतो तो मोहल्ला. गोंड राजा बख्त बुलंद शाहाने गावे जोडून वसवलेले, भोसल्यांनी वाढवलेले, १८६७ मध्ये रेल्वे आणि १८७७ मध्ये एम्प्रेस मिल आलेले, १९५६ पर्यंत राजधानी असलेले हे शहर. त्यात माणसे कशी राहत होती, कशासाठी एकत्र येत होती, काय छापून वाटत होती, याचा कागद कुठल्याच मोठ्या संस्थेच्या कक्षेत बसत नाही.

दलित चळवळीतले किसन फागूजी बनसोडे यांनी नागपुरातून ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ काढले. त्याच चळवळीतल्या जाईबाई चौधरींनी मुलींसाठी शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. ही नियतकालिके, परिषदेची हस्तपत्रके, शाळेच्या पावत्या त्या वेळी शहरातल्या किती वाचनालयांनी जपल्या, हे आज विचारून हाती काही लागणार नाही. आज तसाच कागद निघतो आहे तो कोण ठेवते, हे मात्र विचारायलाच हवे. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे जे स्टॉल लागतात, तिथे मोठ्या ग्रंथांबरोबर थोडक्या रुपयांच्या शेकडो पुस्तिका असतात: गाण्यांच्या, चरित्रांच्या, वादविवादांच्या, दिनदर्शिकांसह. लेखकाने स्वतःच्या पैशाने छापलेल्या, आयएसबीएन (पुस्तकाचा अधिकृत ओळख क्रमांक) नसलेल्या, पुढच्या वर्षी न दिसणाऱ्या. शहरातल्या एका वाचनालयाने दरवर्षी दोन कार्यकर्ते पाठवून पाच हजार रुपयांच्या पुस्तिका विकत घेतल्या, आतल्या पानावर खरेदीची तारीख टाकली आणि त्या दाखल केल्या, तर दहा वर्षांत असा संग्रह उभा राहील की त्यासाठी बाहेरच्या विद्यापीठांतले अभ्यासक नागपूरला येतील.

मारबतीचेही तसेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे स्त्रीरूपातले मोठे पुतळे, यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे म्हणजे पुरुषरूपातले पुतळे असतात आणि त्यांच्या गळ्यात त्या-त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यांच्या पाट्या. महागाई, पाणी, खड्डे, दिल्लीतला घोटाळा, गल्लीतला घोटाळा. ‘घेऊन जा गे मारबत’च्या पुढे काय-काय घेऊन जायला सांगितले, ही या शहराच्या नाराजीची दरवर्षीची यादी आहे. पाट्यांचे फोटो आणि घोषणांचे ध्वनिमुद्रण करायला चार तरुण आणि चार मोबाइल पुरतात. संध्याकाळी वाचनालयात बसून प्रत्येक फोटोखाली बडग्या कोणत्या मंडळाचा, कोणत्या चौकात टिपला, पाटीवरचा मजकूर काय हे लिहायचे. काम तेवढेच आहे, पण ते त्याच संध्याकाळी व्हावे लागते. आठवडा गेला की मंडळाची नावे कुणालाच आठवत नाहीत.

आता कार्यक्रम आणि संग्रह यांची गाठ घालायची कशी? सर्वांत फळ देणारा प्रकार म्हणजे स्कॅनिंगचा दिवस. लोक घरातले जुने फोटो-कागद घेऊन येतात, वाचनालय ते तिथल्या तिथे स्कॅन करते आणि मूळ वस्तू त्याच वेळी परत देते. मूळ वस्तू ठेवून घेण्याचा आग्रह धरू नये. लोकांचा विश्वास बसत नाही, आणि वाचनालयाकडेही ती सांभाळायची सोय नसते. ‘जुने फोटो आणा’ अशी मोघम हाक दिली तर बारशा-लग्नांचे अल्बम येतात आणि दिवस संपतो. विषय अरुंद हवा: ‘१९९० पूर्वीची मारबत’, ‘जुम्मा तालाबाच्या काठावरची वस्ती’, ‘एम्प्रेस आणि मॉडेल मिलचा कागद’. घोषणा तीन आठवडे आधी, तीही भाजी बाजार, समाजमंदिर आणि पेन्शनर मंडळींच्या बैठकीत जाऊन. फलकावर सूचना लावून माणसे येत नाहीत.

टेबले चार. पहिल्यावर नाव, पत्ता, संमतिपत्र आणि एक क्रमांक. दुसऱ्यावर फोटोबद्दलची माहिती. तिसऱ्यावर स्कॅनर. चौथ्यावर मोजून परत देणे आणि सही. चांगला कार्यकर्ता दुसऱ्या टेबलावर बसवावा. बहुतेक ठिकाणी संगणक येणारा मुलगा हा मुख्य माणूस समजला जातो आणि माहिती लिहायला कुणालाही बसवतात. तिथेच सगळे बिघडते. ज्या फोटोतली माणसे, जागा आणि अंदाजे साल लिहिलेले नाही, तो फोटो कितीही सुंदर असला तरी अभ्यासाच्या कामाचा नाही. डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार, नावे विचारायची. माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ लिहायचे, अंदाज ठोकायचा नाही. साल सांगता येत नसेल तर ‘धाकटी आत्या शाळेत होती तेव्हाचा’ हे वाक्य तसेच उतरवून घ्यायचे. त्यावरून पुढे साल निघते.

एका फोटोला माहितीसह तीन-चार मिनिटे लागतात. म्हणजे एका स्कॅनरवर चार तासांत साठेक फोटो. म्हणून प्रत्येकी दहाची मर्यादा आधीच जाहीर करावी. पोस्टकार्डाएवढा फोटो ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० बिंदू), रंगीत, टिफ या न आकसणाऱ्या स्वरूपात घ्यावा. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच, कारण पिवळेपणा आणि डाग हीसुद्धा माहिती असते. चार बाय सहा इंचांची अशी एक फाइल सुमारे २६ एमबीची होते, साठ फोटो दीड जीबीत बसतात. लोकांना द्यायला आणि पडद्यावर दाखवायला त्यातून छोटी जेपीजी काढावी. फाइलच्या नावात तारीख, देणाऱ्याचा क्रमांक आणि फोटोचा क्रमांक एवढेच असावे. ‘आजोबा नवीन फायनल २’ अशा नावांच्या फाइलींचे पुढे काय होते ते प्रत्येक कार्यालयात दिसते.

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सोडवायला जाऊ नये, फाटतो. पूर्ण पान वरून कॅमेऱ्याने घ्यावे. लॅमिनेट केलेल्या फोटोवर स्कॅनरचा प्रकाश चकाकतो, तोही कॅमेऱ्याने, तिरक्या उजेडात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नये, दाब पुढे उमटतो. लिहायचेच तर मऊ पेन्सिलने, कडेला. कुणी घरूनच मोबाइलवर पाठवतो म्हणाले तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे, नाहीतर फाइल आकसून येते आणि पाटीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. आणि जाताना प्रत्येकाला त्याच्या एका फोटोची छापील प्रत द्यावी. ती घरी लागली की शेजारचे विचारतात, आणि पुढच्या वेळी तेही येतात.

संमतिपत्र मराठीत, हिंदीत आणि गरज तिथे उर्दूत हवे. तीन प्रश्न पुरेत: वाचनालयात बसून पाहू द्यायचे का, इंटरनेटवर टाकायचे का, नाव लावायचे की नको. फोटो ज्याच्या घरात आहे तो त्याचा मालक असतो, पण स्वामित्वहक्क त्याच्याकडेच असतो असे नाही. स्टुडिओतल्या फोटोंबाबत हे हमखास आडवे येते. आपल्या कायद्यात कृतीच्या कर्त्याच्या, म्हणजे इथे फोटो काढणाऱ्याच्या, मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. मात्र स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ५२ सार्वजनिक वाचनालयाला, मूळ प्रत आपल्याकडे आधीच असलेल्या कृतीची, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा देते, नफा हा हेतू नसेल तर. जतन करणे आणि सगळ्यांसाठी खुले करणे या वेगळ्या गोष्टी आहेत. वाचनालयाच्या स्वतःच्या कागदाबाबत हक्काची शंका असेल तर स्कॅन जरूर करावे, इंटरनेटवर टाकू नये. ‘कायद्याची भानगड नको’ म्हणून सगळेच काम थांबवणाऱ्या कार्यकारी मंडळांनी हा फरक समजून घ्यावा.

मौखिक इतिहासाला तर थांबायला वेळच नाही. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. १९७५ मध्ये विशीत कामावर लागलेला माणूस आज सत्तरीत आहे. कापूस मोकळा करण्याच्या ब्लो रूममध्ये फुफ्फुसात काय जायचे, भोंग्यावर घरातला स्वयंपाक कसा चालायचा, देण्यांची वाट पाहण्यात किती वर्षे गेली, हे सांगणारी माणसे दर उन्हाळ्यात कमी होत आहेत. व्यासपीठावर पाच कामगारांचा सत्कार करण्यापेक्षा त्या पाचांच्या घरी जाऊन प्रत्येकी दीड तास ऐकून घेणे हा मोठा मान आहे. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह या न आकसणाऱ्या स्वरूपात करावे. स्टिरिओत तासाला सुमारे एक जीबी लागते. एमपी-३ फक्त वाटायला. कॉलरचा छोटा माइक स्वस्त मिळतो आणि तो लावाच. पंखा आणि कूलर बंद ठेवावा लागतो, म्हणून एप्रिल-मे टाळून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने ठेवावेत. पहिला प्रश्न ‘मिलबद्दल सांगा’ असा नको, त्याला भाषण मिळते. ‘सकाळच्या पाळीला घरून किती वाजता निघायचात, कोणत्या रस्त्याने?’ असा हवा. मुलाखत शब्दशः उतरवायला एका तासाला सहा-आठ तास लागतात. तेवढे मनुष्यबळ नसेल तर निदान दर पाच मिनिटांना कशाबद्दल बोलणे आहे याची सूची करावी. सूची नसलेले मुद्रण कुणी ऐकत नाही.

भाषा जशी येईल तशी ठेवावी. नागपूरचा कामगार एका वाक्यात वऱ्हाडी, नागपुरी हिंदी आणि छत्तीसगढी मिसळतो. ती शुद्ध करून लिहिली तर अर्धी माहिती तिथेच सांडते. हलबा-कोष्टी विणकरांकडचे मागाचे शब्द, गोंड कुटुंबांतली ठिकाणांची जुनी नावे, कामठीकडचे उर्दू कागद हे सगळे याच संग्रहात आले पाहिजे. फक्त मराठी आणि फक्त सिव्हिल लाइन्स-धरमपेठेचा इतिहास म्हणजे नागपूरचा इतिहास नव्हे.

कागदाचे शत्रू सगळीकडे सारखे असतात, पण नागपुरात त्यात कूलरची भर पडते. मे महिन्यात बाहेरची हवा ४५ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्क्यांखाली. वाचनकक्षात डेझर्ट कूलर लागला की खोलीतली आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांवर जाते, रात्री कूलर बंद झाला की पुन्हा उतरते. कागद रोज फुगतो आणि आकसतो. पाठोपाठ पावसाळा येतो. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. म्हणून स्थानिक संग्रहाचे कपाट कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीला लावून किंवा संडासाच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये. आतली खोली, भिंतीपासून चार इंच सुटे, जमिनीपासून किमान सहा इंच वर. आर्द्रता मोजणारे छोटे यंत्र काही शे रुपयांत येते. रोज दोनदा आकडा लिहावा. लोखंडी कपाट वर्षभर बंद ठेवणे हीसुद्धा चूक आहे, ओल आतच कोंडते. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत दारे उघडी ठेवून झटकून घ्यावे. रबरबँड काढून टाकावे, उन्हाळ्यात ते वितळून कागदाला चिकटतात. टाचण्या गंजतात, सेलोटेप पिवळी पडून कागद खाते, लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. बाइंडरला कडा छाटू नकोस असे लिहून द्यावे, नाहीतर तारखेची ओळच जाते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तळमजल्यावरच्या खालच्या फळीवर काय ठेवायचे नाही, याचा धडा त्या दिवशी मिळालाच. पण त्या पुराचे हजारो फोटो-व्हिडिओ लोकांच्या मोबाइलमध्ये होते, आणि मोबाइल बदलले की ते जातात. नदीकाठच्या एखाद्या वाचनालयाने आजही स्कॅनिंगच्या दिवसासाठी हाच विषय घ्यावा. पाणी कुठल्या घरात किती फुटांपर्यंत आले हे नकाशावर मांडले गेले तर ते महापालिकेच्याही कामाचे आहे.

डिजिटल प्रतींचा एक भ्रम आहे की स्कॅन झाले म्हणजे वाचले. चार पानी जुन्या दैनिकाचे एक वर्ष म्हणजे सुमारे १४४० पाने. मोठ्या आकाराचे पान ३०० डीपीआयवर ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) घेतले तर तीसेक एमबी, म्हणजे वर्षाला ४० जीबींच्या वर. एवढे एका हार्ड डिस्कवर ठेवणे म्हणजे एकदा खाली पडण्याची वाट पाहणे. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर. वर्षातून एकदा प्रत्येक डिस्क उघडून बघायची, पाच-सहा वर्षांनी बदलायची. हा खर्च अंदाजपत्रकात ‘किरकोळ’मध्ये न टाकता स्वतंत्र ओळीत दाखवावा.

आक्षेप ठाऊक आहेत. पहिला जागेचा. शहरातली बहुतेक वाचनालये आज अभ्यासिकेवर तग धरून आहेत. एमपीएससी, पोलिस भरतीची मुले सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, त्यांच्या शुल्कावर विजेचे बिल निघते. एका खोलीच्या घरातून येणाऱ्या मुलामुलींना टेबल-खुर्ची आणि शांतता देणे हे वाचनालयाचे मोठे काम आहे, ते कमी करा असे मी म्हणणार नाही. स्थानिक संग्रहाला सुरुवातीला दोन कपाटे आणि एक टेबल लागते, त्यासाठी अभ्यासिकेची एकही खुर्ची हलवावी लागत नाही. उलट टंकलेखन येणाऱ्या या मुलांना शुल्कात सवलत देऊन आठवड्याचे दोन तास मागितले, तर नोंदींचा ढीग उरकतो.

दुसरा आक्षेप अनुदानाचा, आणि तो खरा आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयाचा वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, नियतकालिके, सभासद अशा आकड्यांवर. तपासनीस पुस्तके मोजतो. हस्तपत्रकांची फाइल, फोटो, मुलाखती मोजल्या जात नाहीत. मग कार्यवाह म्हणतो, आधी संख्या भरू. यावर तातडीचा उपाय असा की स्मरणिका आणि पुस्तिका नियमाप्रमाणे दाखल करून वर्गीकरण क्रमांकाच्या आधी ‘स्था’ हे अक्षर लावावे आणि त्या एकाच कपाटात ठेवाव्यात. नाहीतर चरित्र एका फळीवर, धर्म दुसऱ्या, इतिहास ९५४ मध्ये अशी नागपूरची पांगापांग होते. दीर्घ उपाय ग्रंथालय संचालनालयाच्या हातात आहे: तपासणीच्या नमुन्यात स्थानिक संग्रहाचा एक रकाना आणि त्याला गुण. एवढा एक रकाना आला तर विदर्भातल्या वाचनालयांचे वर्षाचे वेळापत्रक आपोआप बदलेल. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांतून साहित्य आणि साधनांसाठी साहाय्य मिळू शकते, पण अर्ज करणाऱ्याकडे दाखवायला निदान वर्षभराचे काम असावे.

सरकारची वाट न पाहता होण्यासारखी गोष्ट म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेतला ठराव. सभासदांपैकी कुणीही तो मांडू शकतो: कार्यक्रमांच्या खर्चातला चौथा हिस्सा स्थानिक संग्रहासाठी राखावा, प्रत्येक व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण, वक्त्याचे टिपण आणि श्रोत्यांनी दिलेली माहिती आठ दिवसांत दाखल करावी, दरवर्षी किमान दोन स्कॅनिंगचे दिवस घ्यावेत, आणि वार्षिक अहवालात कार्यक्रमांच्या यादीशेजारी प्रत्येक कार्यक्रमातून काय दाखल झाले, ते दाखल क्रमांकासह छापावे.